नाकारलेल्या घासाचा प्रहर

हे मनन शक्यतो दिवेलागणीला करा. सकाळी केलंत तरी चालेल, पण मग त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा एकदा बसा. दोन्ही वेळचा अनुभव सारखा येणार नाही, आणि आपल्याला आज त्या फरकापाशीच थांबायचं आहे.

पाठ सरळ ठेवा, ताणू नका. हात मांडीवर सैल सोडा. तोंडात सुपारी, लवंग, काहीही नको. जीभ टाळूला चिकटलेली असेल तर तिला सोडवून खाली टेकू द्या. चार-सहा श्वास असेच जाऊ द्या. आता तोंडात या क्षणी जी चव आहे तिच्याकडे लक्ष न्या. काहीही खाल्लेलं नसलं तरी तोंडाला चव असतेच. सकाळी उठल्यावर ती एक असते, दुपारच्या झोपेतून उठल्यावर दुसरी, तापात तिसरी. आत्ताची ओळखा, पण तिला बरी-वाईट म्हणू नका.

आता मनानं धनजला चला. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं हे गाव. काळी जमीन, खरिपात सोयाबीन, तूर, कपाशी, आणि सोयाबीन निघालं की हरभरा. दिवस मार्गशीर्षातले धरा. सूर्य बुडाला आहे, तुरीच्या ओळी काळ्या दिसू लागल्या आहेत, ज्याला जागलीला जायचं आहे तो घरी लवकर जेवून घेतो आहे, कारण रात्री रानडुक्करं आणि रोही शेतात उतरतात. याच तालुक्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. तिथली हरणं दिवसाउजेडी चरतात. म्हणजे एकाच शिवारात कुणाचा दिवस मावळतो आहे आणि कुणाचा उगवतो आहे.

हरभऱ्याच्या धुऱ्यावर बसा. समोर एक बीळ आहे, तोंडाशी ताजी माती. थोडा वेळ काही होणार नाही. होऊ देऊ नका. मग मिशा दिसतील, मग नाक, मग उंदीर. तुमची संध्याकाळ ही त्याची पहाट आहे.

त्याच्यासोबत राहा. तो एका दाण्यापाशी येतो. दाणा ओळखीचा असेल तर लगेच खातो. अनोळखी असेल तर हुंगतो, मागे होतो, पुन्हा येतो, अगदी थोडं कुरतडतो आणि निघून जातो. याला भित्रेपणा म्हणायची घाई करू नका. उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेलं परत काढायची वाट त्याच्या शरीरात नाही, म्हणून त्याची सगळी राखण जिभेवर आणि आठवणीवर आहे. थोडं चाखायचं आणि पुढचे काही तास आपल्या पोटात काय होतं ते पाहायचं. बरं वाटलं तर पुढच्या वेळी जास्त. मळमळलं तर ती चव कायमची बाद.

इथं एक श्वास थांबा. तुमच्याही आयुष्यात अशी बाद झालेली एखादी चव असेल. तिला आत्ता बोलावू नका. ती नंतर येईल.

हे शिकणं किती विलक्षण आहे हे कळायला शास्त्राला वेळ लागला. तोवरची समजूत अशी होती की दोन गोष्टींची गाठ मनात पडायची तर त्या लागोपाठ घडायला हव्यात. पावलोव्हच्या कुत्र्यांना घंटा आणि अन्न यांच्यात जास्त वेळ जाऊ देऊन चालत नसे. मग 1955 मध्ये अमेरिकेत जॉन गार्सिया यांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि सोबत गॅमा किरणांची मात्रा दिली. किरणांनी उंदीर आजारले. पुढे त्यांनी त्या गोड पाण्याकडे पाठ फिरवली. नंतरच्या प्रयोगांत चव आणि आजार यांच्यामध्ये काही तास गेले तरी गाठ पडली, आणि तीही फक्त एकदाच आलेल्या अनुभवातून. 1966 मध्ये गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पिताना उजेड चमकला, आवाज झाला आणि मग मळमळ झाली, तर उंदीर उजेड-आवाजाला दोष देत नाही, चवीला देतो. विजेचा झटका बसला तर मात्र तो चवीला सोडून उजेड-आवाजाला घाबरतो. पोटाचं दुखणं तोंडाच्या खात्यावर, कातडीचं दुखणं डोळ्या-कानांच्या खात्यावर. गार्सिया स्पेनमधून आलेल्या शेतमजुरांच्या घरातले, कॅलिफोर्नियात शेताशेजारी वाढलेले. त्यांचे निष्कर्ष मान्य करायला त्यांच्या क्षेत्रातली बरीच मंडळी कित्येक वर्षं तयार नव्हती. मला वाटतं, ज्यानं गोठ्यात जनावरं पाहिली आहेत त्याला त्या निष्कर्षांचं इतकं आश्चर्य वाटलं नसतं.

आता धुऱ्यावर परत या. बिळाशी कुणीतरी आमिष ठेवून गेलं आहे.

इथं मन थोडं कचरेल. कचरू द्या. हरभऱ्याचं, गव्हाचं नुकसान खरं आहे, ते सोसणारा माणूस खरा आहे, आणि उंदराचा जीवही खरा आहे. यातलं एकही खोटं ठरवायची गरज नाही. फक्त काय घडतं ते पाहा.

झिंक फॉस्फाईडचं आमिष 2 टक्क्यांचं करतात: भरडलेलं धान्य, थोडं गोडंतेल, त्यात ही काळसर भुकटी. पोटातल्या आम्लाशी तिची गाठ पडली की फॉस्फिन वायू सुटतो. पुरेसं खाल्लं तर उंदीर काही तासांत मरतो. पण सावध उंदीर पुरेसं खातच नाही. थोडं खातो, आजारतो, वाचतो, आणि पुढे त्या आमिषाला शिवत नाही. उंदीर आमिषाला असे बुजतात यावर जोधपूरच्या काजरी संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी वाळवंटातल्या उंदरांवर पुष्कळ काम केलं. म्हणून शेतकऱ्यांना सांगतात की आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवा, चवीची सवय होऊ द्या, आणि मग विष मिसळा. आदल्या संध्याकाळी बिळं बुजवा, सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिती. आमिष तिन्हीसांजेला ठेवा, उरलेलं सकाळी गोळा करा. ब्रोमाडिओलोनसारखी विषं वेगळ्या वाटेनं जातात. त्यांचा परिणाम काही दिवसांनी होतो, तोवर उंदराला कोणत्या घासावर ठपका ठेवावा हे कळत नाही.

या सगळ्यात ‘तिन्हीसांजेला’ हा शब्द आपण सहज वाचून पुढे जातो. संध्याकाळी ठेवायचं, कारण उंदीर रात्री निघतो आणि दिवसा पाखरं-गुरं तोंड घालतील. कारण अगदी बरोबर आहे. पण वेळेचं आणखी एक काम आहे, आणि ते उंदराच्या आत चालतं.

डोळे मिटा. दोन संध्याकाळी मनात आणा. दोन्ही संध्याकाळी उंदराला एक नवी चव मिळाली, त्यानं ती घेतली, काही झालं नाही. त्याच्या आठवणीत नोंद पडली: ही चव निर्धोक. आता तीच चव त्याला पुढे आजारासोबत मिळाली, तर काय होईल? आधीची निर्धोक ओळख त्याला राखते. तो त्या चवीचा तितकासा तिटकारा करत नाही. आपलंही तसंच असतं. रोजच्या वरण-भातानंतर पोट बिघडलं तर आपण वरणाला दोष देत नाही, त्या दिवशी नवीन काय खाल्लं ते शोधतो.

आता त्यात एकच गोष्ट बदला. चव संध्याकाळी ओळखीची झाली, आणि आजार तिच्यासोबत सकाळी आला.

स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात मिलाग्रोस गायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून पाहिलं. उंदरांना दिवसातून दोन ठरलेल्या वेळांना पाणी प्यायची सवय लावली. मग काहींना नवी चव एका वेळी ओळखीची करून दिली आणि आजार दुसऱ्या वेळी दिला, काहींना दोन्ही गोष्टी एकाच वेळी. आजार आणायला लिथियम क्लोराईडचं इंजेक्शन. त्यांचा निबंध 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची ओळख आणि आजार एकाच वेळचे होते, त्यांना जुन्या ओळखीनं राखलं, त्यांचा तिटकारा कमी राहिला. ज्यांची ओळख एका वेळची आणि आजार दुसऱ्या वेळचा, त्यांना ती ओळख फारशी कामी आली नाही. जागा तीच, बाटली तीच, चव तीच. बदलली होती ती फक्त दिवसाची वेळ.

हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश मनात म्हणा. बदलली होती ती फक्त दिवसाची वेळ.

पुढच्याच वर्षी त्यांनी मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग इजा झालेल्या उंदरांवर हाच प्रयोग केला. त्या उंदरांना चव कळत होती, तिटकाराही शिकता येत होता, पण सकाळ-संध्याकाळचा हा भेद त्यांच्यात उरला नव्हता. चवीची आठवण एकीकडे आणि तिची वेळ दुसरीकडे राहिली. गाठ बांधणारा भागच नव्हता.

म्हणजे निरोगी उंदराला ‘गोड पाणी’ अशी एक नोंद नसते. त्याच्याकडे ‘संध्याकाळचं गोड पाणी’ असतं, आणि सकाळचं गोड पाणी त्याला काहीसं परकं असतं. धनजच्या धुऱ्यावर तीन संध्याकाळी साधं आमिष खाल्लेल्या उंदराबद्दलही मी असंच मानतो. त्याच्या मनात तयार झालेला विश्वास संध्याकाळचा आहे. ही जोडणी माझी आहे, प्रयोगशाळेतून शेतात आणलेली. पण जो माणूस सवयीचं आमिष सकाळी ठेवतो आणि विष संध्याकाळी, तो स्वतःचीच मेहनत अर्धी वाया घालवत असावा असं मला वाटतं.

आता उंदराला जाऊ द्या. तो बिळात गेला. अंधार झाला आहे. श्वासाकडे या.

प्रत्येक सस्तन प्राण्याच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, हजारो पेशींचा एक पुंजका आहे. तो शरीराचा दिवस चालवतो. 1972 मध्ये त्याचं हे काम उघड झालं. तुम्ही हे वाचत असतानाही तुमच्यातला तो पुंजका कुठल्यातरी प्रहरात आहे. भूक, झोप, अंगाची ऊब, पाचक रस, सगळं त्याच्या चालीनं चढतं-उतरतं. मग आठवण त्यातून सुटेल कशी? आठवण बनते तीही याच शरीरात, याच प्रहरात.

सस्तन प्राणीच कशाला, समुद्रातला गोगलगायीच्या कुळातला एक मऊ जीव घ्या, समुद्री ससा. त्याला जाळीत गुंडाळलेलं शेवाळ दिलं. चव लागते, पण गिळता येत नाही. बरीच धडपड करून तो शिकतो की हे खायच्या कामाचं नाही. ही शिकवण दुसऱ्या दिवशी टिकते का, हे 2005 च्या एका अभ्यासात पाहिलं. दिवसा जागणाऱ्या जातीला दिवसा शिकवलं तर टिकली, रात्री शिकवलं तर नाही. रात्री जागणाऱ्या जातीत बरोबर उलट. अगदी थोड्या पेशींचा मेंदू, पण नाकारायला शिकण्याची त्याचीही वेळ ठरलेली.

आता धनजच्या एखाद्या गोठ्यात या. पहाटेची वेळ, धारांच्या आधीची. दावणीला गाय, समोर तुरीचं कुटार, टोपल्यात भिजवलेली सरकीची ढेप. ढेपेची वेळ झाली की गाय घमेल्याचा आवाज येण्याआधीच मान वळवते. तिला घड्याळ दाखवावं लागत नाही. एखाद्या दिवशी मात्र ती ढेप हुंगते आणि तोंड काढून घेते.

त्या क्षणी आपण काय करतो ते पाहा. ‘खाय ना’ म्हणून टोपलं पुन्हा तोंडाशी सारतो. मूठभर मीठ टाकतो. चिडतो. ढेप महाग आहे, राग खोटा नाही. पण आज मनातल्या मनात टोपलं मागे घ्या आणि तिच्याजवळ नुसते उभे राहा. ढेपेला बुरशी असेल. काल संध्याकाळी याच चवीनंतर तिचं पोट फुगलं असेल. ती सांगू शकत नाही, पण तिच्या शरीरानं काहीतरी नोंदलं आहे.

अमेरिकेतल्या युटा राज्यात मायकेल राल्फ्स यांनी गुरांना कुरणातल्या लार्कस्पर या विषारी वनस्पतीचा तिटकारा शिकवला. ती खाल्ली की लिथियम क्लोराईड देऊन मळमळ आणायची. गुरं ती टाळायला शिकली, आणि वेगळी राखली तर पुढची काही वर्षं टाळत राहिली. पण त्यांना न शिकलेल्या गुरांसोबत सोडलं, की शेजारची खाते हे पाहून तीही पुन्हा खायला लागली. गाईचा नकार असा एकटीचा असतो आणि कळपात विरूनही जातो. आपल्याकडे कोवळ्या ज्वारीची किरळ लागते तेव्हा मात्र शिकायला वेळच मिळत नाही. सायनाइडचा विषार इतका झटपट चढतो की नोंद करणारं जनावरच उरत नाही. तिथं तिच्या वतीनं माणसानंच शिकलं पाहिजे.

आता तुमच्याकडे या. मघाशी थांबवून ठेवलेली चव येऊ द्या.

कुणाला लहानपणी तापात दिलेलं सागूचं पाणी आठवेल, कुणाला पहिल्या महिन्यांतल्या गरोदरपणी नकोशी झालेली फोडणी, कुणाला एस.टी.त उलटी झाली त्याआधी खाल्लेलं केळं. ती चव जिभेवर आणू नका, नुसती समोर ठेवा. पोटात किंचित हालेल. घसा आवळेल. हे किती वर्षांपूर्वीचं आहे? आणि शरीर अजून त्या जागी उभं आहे.

आता तिला विचारा: तेव्हा वेळ कोणती होती? घाई नको. ऊन कुठून येत होतं? घरात दिवा होता का? पोट रिकामं होतं की भरलेलं? अंगावर पांघरूण होतं का? तारीख मिळणार नाही, पण प्रहर बहुधा मिळेल. आठवणीच्या कडेला उजेडाचा रंग असतो.

तो मिळाला की तिथंच बसा. त्या वेळच्या त्या लहान शरीराकडे पाहा. त्याच्या हाती जे होतं त्यावर त्यानं निर्णय घेतला. केळ्याचा दोष नसेल, वळणांचा असेल, डिझेलच्या वासाचा असेल. पण पोट बिघडलं की ठपका चवीवर ठेवायचा हा नियम तुम्ही बनवलेला नाही. तो उंदरातही आहे, गाईतही आहे. त्या नियमानं असंख्य जीव वाचवले आहेत आणि अधूनमधून एखाद्या निर्दोष केळ्याला शिक्षा केली आहे. त्या शरीराला माफ करायचं काही नाही. त्याचे आभार मानता आले तर माना. त्या चवीची आता भीती उरली नसेल आणि तिच्याशी पुन्हा ओळख करावी वाटली, तर ती तेव्हाच्या प्रहरी करू नका. दिवसाच्या दुसऱ्या टोकाला करा, थोडीशी, उंदरासारखी. जमलं नाही तर सोडून द्या. एक फळ आयुष्यात कमी खाल्लं म्हणून काही अडत नाही.

ही सगळी ओळख जिथं खरोखर कुणाच्या तरी कामी येते, तिथं शेवटी थोडा वेळ बसू.

धनजसारख्या गावातून कॅन्सरच्या इलाजासाठी माणसं अमरावतीला, नागपूरला जातात. पहाटे निघायचं, म्हणून घरातली बाई रात्रीच उठून त्या माणसाच्या आवडीचं करते. पोळीसोबत त्याची लाडकी भाजी, एखादा लाडू. ‘दोन घास तरी खाऊन घ्या.’ त्या दोन घासांत तिचा सगळा जीव असतो. मग केमोची सलाईन लागते, आणि काही तासांनी मळमळ. चव आणि मळमळ यांच्यात किती तास गेले याला शरीर जुमानत नाही, हे आपण पाहिलं. ठपका त्या भाजीवर पडतो. पुढे तो माणूस ताटाला हात लावत नाही, आणि बाईला वाटतं, आपल्या हातची चव गेली.

सिअॅटलमध्ये इलिन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये केमो घेणाऱ्या मुलांबद्दल हेच दाखवलं. पोटाला त्रास देणाऱ्या औषधाआधी ज्यांनी एका वेगळ्या चवीचं आइस्क्रीम खाल्लं होतं, त्यांनी पुढे ते आइस्क्रीम टाळलं. मुलांना माहीत होतं की त्रास औषधाचा आहे. माहीत असून उपयोग झाला नाही. पुढे 1987 मध्ये एक फार सुज्ञ उपाय तपासला गेला. जेवण आणि औषध यांच्या मधे मुलांना एक उग्र, निराळ्या चवीची गोळी चघळायला दिली. तिटकारा बराचसा त्या गोळीनं स्वतःवर घेतला, आणि जेवण वाचलं.

या क्षणी ज्यांच्या घरात असं आजारपण असेल, त्यांचे चेहरे मनात आणा. ताटासमोर मान फिरवलेला एक, आणि ताट घेऊन उभा असलेला दुसरा. दोघांनाही सांगा की यात कुणाची चूक नाही. मग डोळे उघडा, पाय मोकळे करा, पाणी प्या.

आणि एवढं लक्षात ठेवा. केमोच्या दिवशी सकाळी आवडीचं काही करू नका. डॉक्टरांना विचारून साधं, ज्याची फारशी ओढ नाही असं, हलकं खायला द्या, आणि चालत असेल तर औषधाआधी एखादी उग्र चवीची गोळी द्या, जी पुढे कधी न खाल्ली तरी चालेल. लाडकी भाजी चार-आठ दिवसांनी करा, मळमळ पूर्ण ओसरल्यावर, आणि दवाखान्याला निघायची जी वेळ असते ती टाळून. खाल्ली नाही तर आग्रह करू नका. झाकून ठेवा आणि दुसऱ्या वेळी पुन्हा विचारा.